वानप्रस्थाची उलट वाट : मारुती चितमपल्ली यांच्या उत्तरकालीन लेखनासंबंधी

वार्धक्य हा मराठी साहित्याला अपरिचित विषय नाही; परंतु मराठी समीक्षेने त्याचा स्वतंत्रपणे विचार फारसा केलेला नाही, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये. म्हातारपणाचे चित्रण आपल्याकडे बहुधा दोन सुरांत होते. एक सूर करुणाचा. शक्ती गेली, माणसे दुरावली, आपण बांधलेल्या घरात आपल्यालाच जागा उरली नाही, ही व्यथा त्यात असते, वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ (१९७०) मधील गणपतराव बेलवलकर हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. दुसरा सूर विरक्तीचा. देह थकला, इंद्रिये मंदावली, आता संसाराचा पाश सोडून नामस्मरण करावे, हा उपदेश संतकाव्यापासून आजच्या कीर्तनापर्यंत अखंड चालत आला आहे. पहिल्या सुरात जग आहे पण शांती नाही. दुसऱ्यात शांती आहे, पण ती मिळविण्यासाठी जगाकडे पाठ फिरवावी लागते. जगाविषयीची उत्सुकता यत्किंचितही न सोडता उतारवयात शांती लाभू शकेल काय, आणि लाभलीच तर तिला कोणता वाङ्मयप्रकार साजेल, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. मारुती चितमपल्ली यांच्या उत्तरायुष्यातील लेखनाने या प्रश्नाला एक उत्तर दिले आहे, असे आम्हांस वाटते. १८ जून २०२५ रोजी सोलापूर येथे वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्या अरण्यप्रेमाविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्यांच्या म्हातारपणाविषयी, म्हणजे त्या काळात त्यांनी काय केले व ते का केले याविषयी, थोडे लिहिणे अद्याप शिल्लक आहे.

हा विचार हुलसूरच्या परिसरातून मांडण्याला एक कारण आहे. बसवकल्याण आणि भालकी यांच्या दरम्यान वसलेले हे गाव पूर्वी बसवकल्याण तालुक्यात मोडत असे. अलीकडे ते स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण झाले. म्हणजे ही भूमी चालुक्यांच्या कल्याणच्या पंचक्रोशीतील. आणि याच कल्याणने, शतकभराच्या आत, वार्धक्याच्या प्रश्नाला दोन परस्परविरुद्ध उत्तरे दिली आहेत.

पहिले उत्तर विज्ञानेश्वराचे. सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत (१०७६ ते ११२६) त्याने कल्याण येथे याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. वारसाहक्काच्या निर्णयांमुळे ती विसाव्या शतकापर्यंत न्यायालयांत गाजत राहिली. परंतु तिच्या प्रायश्चित्ताध्यायात वानप्रस्थाचेही प्रकरण आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. पत्नीला पुत्रांच्या स्वाधीन करून किंवा तिला बरोबर घेऊन गृहस्थाने वनात जावे, अग्नी सांभाळावा, वनात मिळेल त्यावर निर्वाह करावा, असा तो क्रम आहे. आयुष्य गावात काढावे आणि उतारवयात अरण्य गाठावे, ही त्यातील दिशा.

दुसरे उत्तर बसवण्णांचे आणि त्यांच्याभोवती जमलेल्या शरणांचे. बाराव्या शतकाच्या मध्यास त्यांनी ‘कायक’ हा सिद्धान्त मांडला. आपल्या हातचे प्रामाणिक काम हाच कैलास, असे मानणाऱ्या या विचारात काम सोडून वनात जाण्याला स्थान उरत नाही. अंबिगर चौडय्या नाव वल्हवीत राहिला, मडिवाळ माचय्या वस्त्रे धूत राहिला. ज्याचे काम हीच ज्याची पूजा, त्याला निवृत्तीचे वय नसते. शरीर थकले तर काम हलके होईल, त्याचे स्वरूप पालटेल. परंतु ते संपणार नाही.

ही दोन उत्तरे समोर ठेवून चितमपल्ली यांचे आयुष्य पाहिले, म्हणजे त्याची विलक्षण घडण ध्यानात येते. १९३२ साली सोलापुरात, तेलुगू मातृभाषा असलेल्या कुटुंबात, त्यांचा जन्म झाला. गिरण्यांच्या आणि हातमागांच्या त्या शहरातून बाहेर पडून ते कोइमतूरच्या वनविद्यालयात शिकले, आणि पुढे महाराष्ट्राच्या वनखात्यात त्यांनी तीन दशकांची सेवा केली. कर्नाळा, नवेगाव बांध, नागझिरा, मेळघाट ही त्या सेवेतील प्रमुख ठिकाणे. १९९० मध्ये ते निवृत्त झाले, त्यानंतर दीर्घकाळ विदर्भात राहिले आणि अखेरच्या पर्वात सोलापूरला परतले. स्मृतिकारांनी सांगितलेला क्रम येथे बरोबर उलटा झाला आहे. यौवन व प्रौढपण अरण्यात गेले आणि वार्धक्य नगरात. अरण्य हे त्यांच्या विश्रांतीचे स्थान नव्हते. ते त्यांच्या कायकाचे स्थान होते. आणि म्हणूनच नगरात परतल्यावर त्यांच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला तो वानप्रस्थीच्या प्रश्नाहून निराळा होता. वानप्रस्थीला विचार करावा लागतो तो मागे काय सोडावे याचा. यांना ठरवावे लागले ते बरोबर काय आणले हे कोणाच्या स्वाधीन करावे याचे.

अरण्य कामाचे ठिकाण असणे या गोष्टीचे वाङ्मयीन परिणाम आहेत. निसर्गलेखनाची जी परंपरा आपल्या परिचयाची आहे, ती बहुतांशी निसर्गाकडे हेतुपूर्वक गेलेल्यांची आहे. अमेरिकेत थोरो १८४५ मध्ये वॉल्डन तळ्याकाठी राहावयास गेला तेव्हा तो २७ वर्षांचा होता, आणि दोन वर्षांनी एक प्रयोग पुरा करून तो परतला. त्याच्या ‘वॉल्डन’चा मराठी अनुवाद ज्यांनी केला त्या दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्र’ (१९५६) मध्ये चैत्रापासून फाल्गुनापर्यंतचे बारा महिने न्याहाळले. दुर्गाबाईंच्या त्या अपूर्व ग्रंथातील समाधान हे चक्राचे समाधान आहे. जे झडले ते पुन्हा पालवते, गेलेला चैत्र फिरून येतो. पाहणाऱ्याचे वय वाढले तरी महिन्यांचे वय वाढत नाही. वार्धक्यावरील हा मोठाच उतारा आहे, आणि भारतीय मनाला तो सहज पटतो.

चितमपल्ली यांना मात्र हा दिलासा पूर्णपणे उपलब्ध नव्हता. वनाधिकाऱ्याला झाडे मोजावी लागतात, तोडीचे हिशेब ठेवावे लागतात, वणवा आणि चोरटी शिकार यांचे अहवाल लिहावे लागतात. काय परत येते याबरोबरच काय परत येत नाही, हेही त्याला ठाऊक असते. त्यांच्या लेखनात ऋतू फिरून येतात. परंतु एखाद्या तळ्यावरून नाहीसा झालेला पक्षी, एखाद्या म्हाताऱ्याबरोबर संपलेले ज्ञान, तोडल्या गेलेल्या झाडाबरोबर वापरातून गेलेला शब्द हे पुन्हा येत नाहीत. चक्रावर विसंबून ज्याला स्वस्थ बसता येत नाही, त्याला नोंद करावी लागते. त्यांच्या उत्तरकालीन लेखनाची प्रेरणा आम्हांस येथे दिसते.

त्या लेखनाचे दोन भाग पडतात : एक आत्मचरित्र आणि दुसरे कोश. त्यांचे ‘चकवाचांदण’ हे आत्मचरित्र २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ते सत्तरी ओलांडून गेले होते. ग्रंथाला त्यांनी ‘एक वनोपनिषद’ असे उपशीर्षक दिले. हा शब्द केवळ गौरवाचा समजून आपण पुढे जाऊ नये. उपनिषद या शब्दाच्या व्युत्पत्तीतच जवळ जाऊन खाली बसणे आहे. आणि या ग्रंथाचा नायक आयुष्यभर कोणाच्या तरी जवळ खाली बसून शिकत असलेला दिसतो. लहानपणी पाखरांच्या गोष्टी सांगणारी आई, रानवाटांची ओळख करून देणारे लिंबामामा, नवेगाव बांधचे माधवराव पाटील डोंगरवार, आणि पुढे रानोमाळ भेटलेली आदिवासी, पारधी व मासेमार माणसे ही या उपनिषदातील आचार्यमंडळी होत. वनविद्यालयातून शिकून आलेला अधिकारी ज्यांच्या हाताखाली शिकतो, त्यांतील बहुतेकांनी विद्यालय पाहिलेले नाही.

मराठीतील स्मृतिलेखनाच्या शिखरावर असलेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’शी (१९३४–३६) याची तुलना उद्‌बोधक होईल. लक्ष्मीबाईंनीही उतारवयातच मागे वळून पाहिले. त्यांच्या आठवणीत माणसे सजीव होऊन बोलू लागतात, भांडतात, हसतात. दुःख विनोदात विरघळते, आणि त्या विरघळण्यातूनच वाचकाला शांतीचा प्रत्यय येतो. चितमपल्ली यांच्यापाशी तो विनोद नाही, संवाद जिवंत करण्याची ती हातोटीही नाही. त्यांची स्मृती निराळ्या जातीची आहे. एखादा प्रसंग आठवताना त्यांना आधी त्या जागचे झाड आठवते, त्या झाडावरचा पक्षी आठवतो, आणि त्या पक्ष्याला तेथील माणसे काय म्हणत हे आठवते. स्वतःच्या मनःस्थितीविषयी ते त्या मानाने अल्पाक्षरी आहेत. आत्मचरित्रातला ‘आत्म’ असा मागे सरकलेला पाहून काही वाचकांची निराशा होते. आमच्या मते तेथेच त्या ग्रंथाचे मर्म आहे. म्हातारपणी आठवणी जड होतात त्या ‘माझ्या’ म्हणून. ज्याने आपली स्मृती इतरांकडून मिळालेली ठेव मानली, त्याला तिचे ओझे होत नाही. ती परत करण्याची निकड तेवढी भासते.

ही परत करण्याची निकड कोशांत पूर्णत्वास गेली. निवृत्तीनंतरच्या काळात त्यांचा ‘पक्षीकोश’ सिद्ध झाला. पाठोपाठ प्राणी, मासे व वृक्ष यांच्या कोशांचे काम त्यांनी हाती घेतले. हंसदेव या तेराव्या शतकातील जैन पंडिताचे ‘मृगपक्षिशास्त्र’ त्यांनी मराठीत आणले, आणि त्यासाठी संस्कृताचे अध्ययन केले. ‘शब्दांचं धन’ हे त्यांच्या एका पुस्तकाचे नावच या वृत्तीचे निदर्शक आहे. ललितलेखक म्हणून नावाजलेल्या साहित्यिकाने उतारवयात कोशाच्या वर्णानुक्रमात स्वतःला बांधून घेणे, हे अनेकांना वाङ्मयीन शक्ती ओसरल्याचे लक्षण वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. कोशात लेखकाला ‘मी’ म्हणता येत नाही. तेथे लाडक्या पक्ष्याला चार पाने आणि नावडत्याला चार ओळी, असा पक्षपातही फारसा चालत नाही. विरक्तीच्या उपदेशाने अहंकार गळावा अशी अपेक्षा असते. येथे तो कामाच्या शिस्तीने बाजूला होतो. शरणांच्या परिभाषेत बोलायचे तर हेच त्यांचे म्हातारपणीचे कायक.

शब्दांच्या बाबतीत त्यांच्यापाशी दोन ओढी होत्या, आणि त्या नेहमीच एका दिशेने जात नसत. एक ओढ लोकांच्या मुखातील नावाची. ‘रातवा’ हे निशाचर पाखराचे नाव त्यांनी एका ललितसंग्रहाला दिले, आणि पुष्कळ सुशिक्षित वाचकांना तो पक्षी प्रथमच नावानिशी ठाऊक झाला. दुसरी ओढ नवा शब्द घडविण्याची. बगळे-करकोचांच्या सामुदायिक वीणवसाहतीला ‘सारंगागार’, कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ हे शब्द त्यांनी रूढ करण्याचा प्रयत्न केला. ते डौलदार आहेत, संस्कृत घडणीत चपखल बसणारे आहेत. पण ज्या मासेमारांनी आणि गुराख्यांनी ती झाडे पिढ्यान्‌पिढ्या पाहिली, त्यांच्या तोंडी ते बसतील काय, ही शंका राहतेच. ऐकलेला शब्द आणि घडविलेला शब्द यांच्या मोलात फरक आहे. पहिल्यात एका समूहाचे पाहणे साठलेले असते, दुसऱ्यात एका विद्वानाची योजना. त्यांच्या कोशकार्याचा कस पाहताना हा फरक पुढील अभ्यासकांना करावा लागेल.

येथे त्यांच्या मातृभाषेचा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. घरात तेलुगू, शाळेत मराठी, पेठेत हिंदी-उर्दू आणि कन्नड कानांवर पडणारे, असे त्यांचे सोलापूर. एकाच वस्तूला तीन-चार नावे असतात हे अशा गावात वाढलेल्या मुलाला व्याकरणाच्या पुस्तकातून शिकावे लागत नाही. एकभाषिक प्रदेशातील लेखक नाव हे वस्तूचे स्वाभाविक लेबल समजतो. सीमेवरचा लेखक मात्र प्रत्येक नाव म्हणजे त्या वस्तूकडे पाहण्याची एक निराळी खिडकी आहे, हे जाणून असतो. चितमपल्ली यांना जे नामसंग्रहाचे वेड लागले, त्याचे मूळ अरण्याइतकेच या बहुभाषिक पेठेतही शोधावयास हवे. मराठी ही त्यांनी स्वीकारलेली भाषा. आणि २००६ मध्ये जन्मगावी, सोलापुरातच, भरलेल्या ७९ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, ही घटना म्हणूनच सीमाभागातील मराठी वाचकाला विशेष अर्थपूर्ण वाटते.

या वृत्तीला कल्याणात जुना पूर्वज आहे. विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ रचला. मराठीच्या अध्यापकांना तो त्यातील प्राचीन मराठी पद्यपंक्तींमुळे परिचित असतो. पण त्याच ग्रंथात मत्स्यविनोदाचे प्रकरण असून त्यात तीसहून अधिक प्रकारच्या माशांची नावे, त्यांची ठिकाणे व त्यांचा आहार नोंदविला आहे. आणि त्यांपैकी कित्येक नावांवर देशी बोलीची छाप उघड दिसते. राजाला हे सांगणारे कोण असतील? नदीकाठचे भोई-कोळीच असले पाहिजेत. ज्या भूमीत संस्कृत ग्रंथाने कोळ्यांची शब्दसंपदा आठशे-नऊशे वर्षे जपून ठेवली, त्या भूमीला पक्ष्यांच्या आणि माशांच्या कोशाचे मोल निराळे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

गुणांबरोबर उणिवाही नोंदविणे समीक्षकाचे कर्तव्य आहे. ‘चकवाचांदण’ची बांधणी सैल आहे, पूर्वीच्या ललितलेखांतून आलेले प्रसंग तेथे पुन्हा भेटतात आणि त्यांत नवा अर्थ भरला जातोच असे नाही. लोकसमजूत आणि प्रत्यक्ष निरीक्षण यांच्यातील सीमारेषा ते नेहमी स्पष्ट आखीत नाहीत. ‘निळावंती’सारख्या आख्यायिकेचे त्यांना वाटणारे आकर्षण ललितलेखकाला शोभून दिसते, परंतु पक्षिशास्त्रज्ञाच्या लेखणीला ते सावध करीत नाही. शिवाय, ज्या खात्यात त्यांनी आयुष्य वेचले, त्या खात्याच्या धोरणाने वनवासींचे जीवन कसे आवळले गेले याचा विचार त्यांच्या लेखनात व्हावा तितका होत नाही. ज्यांच्याजवळ बसून ते शिकले, त्यांच्या अधिकारांचा प्रश्न त्यांच्या ज्ञानाच्या गौरवाआड झाकला जातो. या उणिवा खऱ्या आहेत. त्या सांगून झाल्यावरही मुख्य कार्याची भव्यता कमी होत नाही.

आता शांतीकडे वळू. शांतरसाचा स्थायी भाव कोणता, हा आपल्या साहित्यशास्त्रातील जुना वाद आहे. मम्मटाने निर्वेद सांगितला. अभिनवगुप्ताने तत्त्वज्ञान, म्हणजे वस्तूचे यथार्थ ज्ञान, हाच शांताचा पाया मानला. निर्वेदातून येणारी शांती आणि ज्ञानातून येणारी शांती यांच्या छटा भिन्न असतात. मराठी वार्धक्यसाहित्यात पहिलीचे प्राबल्य आहे. अभिनवगुप्ताला अभिप्रेत असलेले ज्ञान आत्म्याचे होते, पाखराचे नव्हे, हे आम्ही विसरत नाही. तरीदेखील एखाद्या लहानशा सजीवाला त्याच्या नावाने, घरट्याने, विणीच्या महिन्याने ओळखणे, आणि ही ओळख आपल्यामागे राहील अशी तजवीज करणे, यात स्वतःच्या संपण्याचे भय ओसरते, असा प्रत्यय चितमपल्ली यांचे उत्तरकालीन लेखन देते. अरण्यावाचून करमत नाही असा विलाप त्यात क्वचितच ऐकू येतो. अरण्य टेबलावर, नोंदींच्या रूपाने, आले होते. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. मान उशिरा आला खरा, पण तोवर काम पुष्कळसे उरकले होते.

शेवटी सीमाभागातील अध्यापकांना उद्देशून एक गोष्ट मांडावीशी वाटते. १९५६ च्या प्रांतरचनेत जुना बिदर जिल्हा तिघांत विभागला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठवाड्याकडे राहिले. भालकी, हुमनाबाद, कल्याण म्हैसूर राज्यात गेले. आणि काही भाग आंध्रात. त्या विभागणीविषयी आपण वर्षानुवर्षे बोलत आलो आहोत आणि ते बोलणे अवास्तव होते असे नाही. परंतु त्या वादात भाषेचा हिशेब आपण शाळा, पाट्या आणि कचेऱ्या यांच्या संख्येने केला. हुलसूरच्या शिवारात ज्वारी राखणाऱ्या म्हाताऱ्याला चिंच हीच हुणसे आणि हीच इमली, घुबड हेच गूबे, हे सहजी ठाऊक असते. आणि त्याहीपलीकडे काही गवतांची, किड्यांची, पाखरांची अशी नावे त्याच्यापाशी असतात, जी कोणत्याच कोशात आलेली नाहीत. त्याची मुले शहरात गेली, शिवार पालटले. त्याच्या वार्धक्यावर आपण कविता लिहू, त्याला नामस्मरणाचा उपदेशही करू. त्याच्याजवळ खाली बसून ती नावे विचारून घेण्याचे मात्र राहून जाते.

चितमपल्ली यांच्या ग्रंथांचे वर्गात अध्यापन करताना त्यांतील अरण्यवर्णनाच्या सौंदर्यस्थळांवर थांबण्याची आपली सवय आहे. त्याऐवजी विद्यार्थ्यांना एक वही द्यावी. आपापल्या आजी-आजोबांकडून वीस झाडांची आणि वीस पाखरांची नावे, त्यांना ठाऊक असतील तितक्या भाषांत, विचारून लिहून आणण्यास सांगावे; ज्या शब्दावर ते अडतील तोही तसाच नोंदवावा. त्यात भाषेचे काम तर होईलच. शिवाय आपल्यापाशी जे आहे ते कोणीतरी घेऊ इच्छितो, हे त्या म्हाताऱ्या माणसांना कळेल.